मौनालाही जात असते



हे भांडण आहे. लेखबिख समजून वाचू नका. भांडण दोघांशी आहे. एक त्या प्राध्यापक-समीक्षकाशी, ज्यांनी मागच्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात येऊन 'सैराट'वर दीड तास भाषण ठोकलं. दुसरं आपल्यातल्याच पोरांशी, ज्यांनी त्या भाषणाला टाळ्या दिल्या आणि मग टपरीवर येऊन म्हणाले, पिक्चर इंटरव्हललाच संपवायला पाहिजे होता, पुढं नुसतं नवराबायकोचं रडगाणं आहे.

प्राध्यापक माणूस वाईट नाही. खादीचा झब्बा, मऊ आवाज, अभ्यास दांडगा. ते म्हणाले, सैराटच्या शेवटात अव्यक्ताचं सौंदर्य आहे. शब्द बाजूला सारून नुसत्या चित्रातनं भावना उभी केलीय. हे मौन वैश्विक आहे. दीड तासात त्यांनी कॅमेरा सांगितला, प्रकाश सांगितला, चौकट सांगितली, संकलन सांगितलं. एक शब्द तेवढा सांगितला नाही. जात.

मी उठून विचारलं, सर, ते मौन कुणाचं? ते हसले. म्हणाले, कलेत 'कुणाचं' असं काही नसतं. मी पुढं बोलणार तेवढ्यात अध्यक्षांनी घंटी वाजवली. वेळ संपला. तर आता इथं विचारतो. हा कागद आपला आहे. इथं घंटी नाही.

न बोललेल्या गोष्टीवर बोलायला मी लायक आहे काय, असं कुणी विचारील. सांगतो. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमला आहे. खात्यात पाऊल टाकायच्या आधी कानात कापसाचे बोळे घालायचे. आत हजारो चात्या एकदम फिरतात. तिथं तोंडानं बोलणं नाहीच. सगळं हातानं आणि डोळ्यानं. मिशीवरनं बोट फिरवलं की समजायचं मुकादम येतोय. दोन बोटं ओठाला लावली, बाहेर चल बिडीला. अंगठा तोंडाकडं नेला, चहा. कुणाचं पोर तापानं फणफणलंय, कुणाच्या घरात रात्री भांडण झालंय, हे आम्ही धागा जोडताना समोरच्याच्या बोटांवरनं ओळखतो. आठ तासांची पाळी म्हणजे आठ तासांचा मूकपट. आम्ही त्यात कामही करतो आणि बघतोही.

माझी बायको मला तिथंच भेटली. ती वायंडिंगला, मी रिंगला. कित्येक महिने आमच्यात एक शब्द झाला नव्हता, पण सगळं ठरून गेलं होतं. रिंगफ्रेमच्या आवाजात आडनाव ऐकू येत नाही. एक दिवस पाळी सुटल्यावर गेटाबाहेर गाठ पडली. आवाज थांबला होता. तिनं विचारलं, नाव काय तुझं? मी सांगितलं. ती म्हणाली, पुरतं सांग की. मी पुरतं सांगितलं. ती गप झाली.

ते गप होणं मला अजून पाठ आहे. दोन दिवस ती माझ्याकडं बघत नव्हती. तिसऱ्या दिवशी खात्याच्या दारात उभी राहून तिनं अंगठा तोंडाकडं नेला. चहा. त्या एका खुणेत ती काय सोडून आली होती हे तिलाच ठाऊक.

तेव्हा प्राध्यापक, अव्यक्त म्हणजे काय ते मला शिकवू नका. आता तुमच्या सिनेमाकडं येतो.

या देशाच्या सिनेमाला अस्पृश्याचं प्रेम नवं नाही. १९३६ साली बॉम्बे टॉकीजनं 'अछूत कन्या' काढला. बामणाचा पोरगा, रेल्वे फाटकवाल्या अस्पृश्याची पोरगी. लहानपणापासनं जीव जडलेला. लग्न होत नाही. शेवटी ती पोरगी रेल्वेखाली मरते आणि तिचं ठाणं होतं. पोरगी मेली की तिच्यापुढं हात जोडायला कुणाची ना नसते.

त्याच १९३६ साली बाबासाहेबांना लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी वाचलं, आणि घाबरून संमेलनच गुंडाळलं. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. त्यात सरळ सांगितलंय, सहभोजनानं जात जाणार नाही, खरा इलाज मिश्रविवाह. रक्तात रक्त मिसळल्याशिवाय आपलेपणा येत नाही. आणि मिश्रविवाह होत नाहीत ते जातीला धर्माचा पाया आहे म्हणून. तो पाया उखडा. एकीकडं हे पुस्तक, दुसरीकडं रेल्वेखाली गेलेली ती पोरगी. साल एकच.

मग १९५९ ला बिमल रॉय यांचा 'सुजाता'. बामणाच्या घरात वाढलेली अस्पृश्य पोरगी. घरातली म्हणतात, ती आमच्या मुलीसारखी आहे. त्या 'सारखी'त सगळं आलं. नूतनबाईंनी काम असं केलंय की डोळे हटत नाहीत. बोलतच नाही ती पोरगी. सोसते. फोनवर गाणं ऐकते आणि डोळ्यातनं पाणी येतं. समीक्षक गेली साठ-पासष्ट वर्षं त्या मुक्या डोळ्यांवर लिहितायत. पण तिला घरात घेतलं कधी? तिनं आजारी आईला रक्त दिल्यावर. बाबासाहेब रक्त मिसळा म्हणाले ते लग्नातनं, बरोबरीनं. सिनेमानं ते आपल्या पोरीच्या दंडातनं सुईनं काढून बाटलीत भरलं. मुकी राहा, सोस, रक्त दे, मग तू आमची. हे ते मौनाचं सौंदर्य! आपल्या आयांच्या तोंडावर पिढ्यान् पिढ्या हात ठेवला आणि मग त्यांचे डोळे किती बोलके म्हणून कविता केल्या.

ज्याला बोलायची मुभा आहे आणि जो आपखुशीनं गप राहतो, त्याच्या गप राहण्याला मौन म्हणा. ज्याच्या बोलण्यावर काठी पडते त्याच्या गप राहण्याला मौन म्हणू नका. दोन्हीला एकच शब्द वापरला की काठी दिसेनाशी होते. वैश्विक म्हणायचा अर्थ तोच.

आता सैराट. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, वडार समाजातला माणूस. आमच्याच जिल्ह्यातला. हा माणूस चित्रातनं बोलतो हे आपल्याला 'फँड्री'तच कळलं होतं. जब्या आणि त्याच्या घरचे मेलेलं डुक्कर बांबूला टांगून शाळेपुढनं नेतात, आणि मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, ज्योतिबा, सावित्रीमाई, शाहू महाराज रंगवलेले. कुणी एक शब्द बोलत नाही. बोलायला काय राहिलंय? थेटरात बसलेल्या ज्याला त्याला आपापली जागा कळते, भिंतीपुढची का भिंतीमागची.

सैराट सुरू होतो तो आवाजानं. गावची क्रिकेट मॅच, लाऊडस्पीकर, कॉमेंट्री, मग बक्षीस द्यायला पाटील. माइक त्यांच्या मांडवातला. संपतो तेव्हा आवाज काढून घेतलेला असतो. या दोन टोकांमध्ये काय काय झालं ते बघायचं.

परश्या मासे धरणाऱ्याच्या घरातला. आर्ची पाटलाची. ती पोहत असलेल्या विहिरीत तो उडी मारतो. पोरं शिट्ट्या वाजवतात, बरोबर आहे, वाजवा. पण ज्याच्या आज्यानं चवदार तळ्याची गोष्ट सांगितलीय त्याला त्या उडीत निराळं काही दिसतं. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यालं तर गावानं डोकी फोडली. इथं पोरगं अख्खं अंग घेऊन पाण्यात उतरलंय आणि समोर पाटलाची पोरगी. आर्ची त्याला बाहेर हो म्हणून दरडावते, आणि तिचे डोळे निराळंच सांगतात. संवादात जातीचं नाव नाही. पण पाणी, पाटील आणि परश्या एका चौकटीत आले की महाराष्ट्रात आणखी काय सांगावं लागतं?

आणि आर्ची मुकी नाही. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पोलीस ठाण्यात आवाज चढवते. सुजातेच्या नेमकी उलटी. पण हेही ध्यानात घ्या, तिच्या बोलण्यात पाटीलकी आहे. तिला आवाज आहे कारण बापाला गाव आहे. परश्या बुजतो, पुस्तक वाचतो, चोरून बघतो. वरच्या जातीची पोरगी बोलणार आणि खालच्या जातीचा पोरगा बघणार, ही मांडणी हिंदी सिनेमानं कधी केली नव्हती, कारण तसं बघितलं म्हणून आपल्या पोरांचे जीव जातात.

जातात म्हणजे खरोखर जातात. जानेवारी २०१३ ला नेवासा तालुक्यात सोनईला प्रेमप्रकरणावरनं तीन दलित तरुण मारले. नाशिकच्या कोर्टानं जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यात खर्ड्याला सतरा वर्षांचं आपलं पोरगं, वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो म्हणून मारलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले. प्राध्यापक, हेही मौनच. गावानं बघितलं आणि गाव बोललं नाही. याचं सौंदर्य कोणत्या चौकटीत बसवता?

आता आपल्या पोरांकडं वळतो. लेको, तुमच्यावर माझा जास्त राग आहे, कारण तुम्ही माझे आहात.

तुम्ही म्हणता इंटरव्हलनंतर पिक्चर रखडतो. गाणी मागं राहतात, ऊस मागं राहतो, विहीर मागं राहते. हैदराबादची झोपडपट्टी, एक खोली, दोन दमलेली माणसं. परश्या गाडीवर डोसे घालतो. आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते. पाटलाच्या वाड्यातली पोरगी त्या घाणीला विटते, रडते, भाषा शिकते, पगार आणते. आणि मग परश्या तिच्यावर संशय घेतो. ती कामावरच्या माणसाशी बोलते, हसते, याचा त्याला सल. तो रस्त्यात तिच्या कानाखाली मारतो.

थांबा इथं. तुम्हाला कंटाळा येतो तो इथंच येतो, आणि तो कंटाळा नव्हे, ती शरम आहे. पहिल्या भागात तुम्ही परश्या होता. आता या भागात परश्या व्हायला नको वाटतं. ज्या पोरीनं घर, बाप, बुलेट सगळं सोडलं तिला तो मारतो. पाटील मागं राहिला असं वाटलं होतं. तो परश्याच्या हातात निघाला. ही गोष्ट भाषणात सांगितली असती तर तुम्ही मान डोलावून विसरला असता. नागराजनं ती खोलीत दाखवली. ती निघून जाते तेव्हा खोली तीच असते, आणि तिच्यात माणूस मावत नाही. ती परत येते. कुणी भाषण करत नाही, माफीचं गाणं होत नाही. पुढं लग्न होतं, रजिस्टर. प्रेम पहिल्या भागात होतं, लग्न दुसऱ्या भागात. बाबासाहेबांनी इलाज म्हणून सांगितलं ते लग्न. झिंगाट नव्हे.

मी कबूल करतो. मी हात उचललेला नाही. पण लग्नाच्या पहिल्या वर्षी मी बायकोचा मोबाईल ती झोपल्यावर तपासला आहे. एकदा नाही, चारपाचदा. तिच्या माहेरच्यांशी तिचं काय बोलणं होतं, ती परत जाईल काय, ही भीती. तिला कळलं. तिनं भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवसापासनं मोबाईल रात्री माझ्या उशाशी ठेवून झोपायला लागली. आठवडाभर. एक शब्द नाही. त्या आठवड्यात मी जेवढा मार खाल्ला तेवढा आयुष्यात कधी खाल्ला नाही.

आणि हे एकट्या माझं पाप नाही. बाबासाहेब गेल्यावर माईसाहेबांकडं आपल्या लोकांनी कोणत्या नजरेनं बघितलं? दुसऱ्या जातीतनं आपल्यात आलेली बाई म्हणून संशय. कित्येक वर्षं त्या एकट्या पडल्या. नंतर पँथरच्या पोरांनी त्यांना मानानं समाजात आणलं, हे पँथरचं मोठेपण. पण मधली वर्षं कुणी भरून दिली? सभेत मिश्रविवाहाचा ठराव करायचा, आणि सून दुसऱ्या जातीची आली की तिच्या स्वयंपाकापासनं ते पूजेच्या सवयीपर्यंत सगळ्यावर पहारा बसवायचा. तिनं बोलायचं काय? ती गप बसते. तेही मौन. त्याला जात आपली आहे.

आता शेवट. २०१६ च्या एप्रिलअखेर पिक्चर लागला तेव्हा मी सोळा-सतराचा असेन. एकपडदा थेटर, खच्चून भरलेलं. झिंगाटला पोरं खुर्च्यांवर चढून नाचली, मीही नाचलो. शेवटी आर्ची दारात रांगोळी काढत असते. भाऊ आणि त्याच्याबरोबरचे माहेरची भेट घेऊन येतात. ती हरखते. चहा होतो. बाळ शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं. शेजारीण त्याला दारात सोडते, ते आत जातं. मग आवाज नाही. बाळ रडत बाहेर येतं आणि फरशीवर लाल पावलं उमटतात.

आमच्या थेटरात मागनं कुणीतरी ऑपरेटरला शिवी हासडली, ए आवाज गेला की रं! कुणी शिट्टी मारली. मग हळूहळू कळलं की आवाज गेलेला नाही, काढून घेतलाय. जे तासाभरापूर्वी नाचत होते ते मान खाली घालून बाहेर पडले. त्यात पाटील होते, आम्ही होतो, सगळे होते. कोण कुणाकडं बघत नव्हतं.

ते मौन कुणाचं, या माझ्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. ते आर्चीचं नव्हे, परश्याचं नव्हे. ते मेलेत. ते मौन बघणाऱ्याच्या तोंडावर फेकलेलं आहे. तीन तास तुम्हाला गाणी दिली, वाद्यवृंद दिला, आता तुमचा आवाज काढा. बघू काय म्हणता. प्राध्यापक म्हणाले, सौंदर्य.

हिंदीवाल्यांनी २०१८ ला त्याच गोष्टीचा 'धडक' केला. उदयपूर आणलं, हवेल्या आणल्या, जात पाण्यासारखी पातळ केली आणि शेवटही बदलला. ती लाल पावलं गेली. जात काढून घेतली की उरते ती नुसती श्रीमंत बापाची नाराजी. त्याच साली तमिळमध्ये मारी सेल्वराजनं 'परियेरुम पेरुमाळ' केला. शेवटी चहाचे दोन गिलास, एक दुधाचा, एक बिनदुधाचा, मध्ये फूल. ज्यानं मार खाल्लाय त्याला चित्र कसं ठेवायचं ते कळतं.

चहावरनं आता आमच्या खोलीतलं सांगतो. हे सांगू का नको म्हणून दोन रात्री कागद तसाच ठेवला होता.

आमच्या लग्नाला चार वर्षं झाली. पोरगी अडीच वर्षांची. बायकोचा भाऊ चार वर्षांत उंबऱ्याला आला नव्हता. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला, भाऊबीजेला येतो. आमच्या घरात दिवाळी नाही, पण भाऊ तिचा आहे. ती हो म्हणाली. फोन ठेवला आणि भाजी निवडायला बसली. मी पुस्तक उघडून बसलो. दोघांच्या डोळ्यापुढं एकच चित्र होतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. कुणी बोललं नाही.

तो यायच्या पाच मिनिटं आधी तिनं पोरीला उचललं आणि शेजारच्या मावशींकडं दिलं. म्हणाली, जरा बघा मावशी, मी चहा टाकते. मावशींना त्यात काही वाटलं नसेल. मला कळलं. पिक्चरमधलं बाळ शेजारणीबरोबर होतं म्हणून वाचलं.

तो एकटाच आला. हातात कापडी पिशवी. मी खुर्ची दाराला लावून बसलो. तो सतरंजीवर बसला. पाणी प्याला. बहिणीशी दोन शब्द बोलला, आईचे गुडघे दुखतात वगैरे. मग त्यानं पिशवीत हात घातला, आणि मी उठून उभा राहिलो.

त्यानं साडी काढली. हिरवी साडी.

तो माझ्याकडं बघत राहिला. मी का उठलो ते त्याला कळलं. पिक्चर त्यानंही बघितलाय, अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलाय. त्याची मान खाली गेली. साडीबरोबर पोरीला फ्रॉक होता, तो त्यानं तसाच सतरंजीवर ठेवला. चहा समोर आला होता. त्याला त्यानं हात लावला नाही. कपावर साय धरली. थोड्या वेळानं उठला, येतो म्हणाला आणि गेला. मला दाजी म्हणाला नाही.

चहा का घेतला नाही? आमच्या घरचा म्हणून, की मी उठलो म्हणून? आजपर्यंत मला कळलेलं नाही. पिक्चरमध्ये चहा झाला आणि जीव गेले. आमच्या खोलीत जीव राहिले आणि चहा राहिला. बायकोनं तो मोरीत ओतला, कप घासला, पालथा घातला, मग जाऊन पोरीला घेऊन आली. रात्री ती भिंतीकडं तोंड करून झोपली. मी विचारलं नाही.

प्राध्यापक, हे घ्या तुमचं अव्यक्त. यात चौकट शोधा, प्रकाश शोधा. पण त्या कपावरच्या सायीला वैश्विक म्हणाल तर मी तुमच्या दारात येऊन भांडीन. त्या खोलीत तीन माणसं होती, तिघंही एकमेकांना घाबरत होती, आणि तिघांच्या मध्ये बसली होती ती जात.

आपल्यातले काही म्हणतात, असा शेवट दाखवून नागराजनं पोरापोरींना भ्यायला लावलं, आता कोण करील मिश्रविवाह? अरे, भीती त्यानं आणली काय? सोनई पिक्चरच्या आधी झाली, खर्डा आधी झाला. त्यानं भीतीला तोंड दिलं. इलाज दाखवायचं काम त्याचं नाही, आपलं आहे. आणि इलाज त्या रखडलेल्या दुसऱ्या भागातच पडलाय, बघितला तर. हैदराबादला त्या दोघांना तारलं कुणी? सुमन अक्कानं. पक्षानं नाही, संघटनेनं नाही. एका बाईनं खोली दिली, काम दिलं, लग्नाला उभी राहिली. आपल्या किती शाखांत एक सुमन अक्का आहे?

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यात लग्नाआधी तीस दिवसांची नोटीस लावतात. नाव, पत्ता, सगळं कचेरीच्या फळ्यावर. ते तीस दिवस म्हणजे मारेकऱ्याला दिलेलं आमंत्रण. मग लग्नाला तीन साक्षीदार लागतात. सुप्रीम कोर्टानं मार्च २०१८ मध्ये शक्तीवाहिनीच्या खटल्यात सांगितलं, जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष काढा, अशा जोडप्यांसाठी सुरक्षित घराचा विचार करा. तुमच्या जिल्ह्यात तो कक्ष कुठल्या मजल्यावर आहे ते सांगू शकता? जाऊन विचारा. नसेल तर तिथंच बसा. त्या तीस दिवसांत पोरापोरीला आपल्या खोलीत ठेवा. साक्षीला तीन जण लागतात, तुम्ही तीस जण जा. खर्ड्याला साक्षीदार फिरले म्हणून आपण रडलो; मग निदान लग्नाचे साक्षीदार तरी व्हा.

आणि घरात बोला. बाहेर घोषणा देणारं तोंड घरात शिवून ठेवू नका. सासूनं सुनेला काय विचारलं ते विचारा. तुम्ही रात्री कुणाचा मोबाईल बघता ते सांगा. परश्यानं मारलं त्याला टाळी नको आणि विसरणंही नको.

हे लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. ती पहिल्या पाळीवरनं दमून आली होती. सगळं ऐकलं. चहाचं लिहिलंय ते राहू दे म्हणाली. मोबाईलचंही राहू दे. मग म्हणाली, 'तू उठलास त्याचं कागदावर लिहून काय होतंय? माझ्या भावाला फोन लाव. सांग, मी घाबरलो होतो. आणि विचार, चहा का घेतला नाहीस.'

फोन अजून लावलेला नाही. हा अंक तुमच्या हातात पडायच्या आधी लावीन. काय म्हणाला ते पुढच्या अंकात लिहीन, शिव्या असतील तर शिव्यांसकट.

जयभीम.